पडद्याशी वाद घालायचा नसतो

गेल्या महिन्यात नातीने मला पनवेलच्या नाट्यगृहात मूकपट दाखवायला नेलं, आणि पहिल्या दहा मिनिटांत मी तिची अब्रू घालवली.

कार्यक्रम मोठा झोकदार होता. वर पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीचे मुके सिनेमे आणि खाली, पडद्याच्या पायथ्याशी, मुंबईहून आलेला तीस जणांचा वाद्यवृंद. "लाइव्ह ऑर्केस्ट्रा आहे, आजी," नात चार दिवस सांगत होती. म्हटलं, "बरं झालं. माझ्या वयाला हल्ली जिवंत माणसांकडे जाणं कमीच होतं." ती हसली नाही. नव्या पनवेलच्या खांदा कॉलनीत वाढलेली मुलगी ती. तिला माझे विनोद दुसऱ्या दिवशी कळतात.

आम्ही बसलो. उजव्या हाताला नात, डाव्या हाताला आमचे हे. यांचं शरीर पहिल्यापासून ऐसपैस, त्यामुळे खुर्चीने आधी तक्रार केली आणि मग जागा दिली. दिवे गेले. तीस माणसांनी एकदम श्वास घेतला असावा, तसं काहीतरी झालं आणि व्हायोलिनं सुरू झाली. पडद्यावर एक बाई रेल्वेच्या फलाटावर उभी होती. आणि मला कळायच्या आत माझं तोंड सुरू झालं.

"आता तिनं मान वळवली... गाडी येतेय, पण ती गाडीकडे बघत नाहीये... आता रुमाल काढला..."

पुढच्या रांगेतले गृहस्थ वळले. सौजन्याने म्हणाले, "आजी, आम्हाला दिसतंय."

"आजी, प्लीज!" नात दातांत म्हणाली. "कॉमेंट्री का करतेयस?"

आता हिला काय सांगू? मुका सिनेमा दिसला की मी बोलते. ही खोड मला आमच्या पेटीच्या मास्तरांनी लावली, आणि ती लावून घेताना मी जो मूर्खपणा केला तो मध्यंतरात तिला सांगितला. तोच इथे सांगते.

मास्तर आमच्या आळीत सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. त्यांचं नाव सांगत नाही; त्यांना नावाने हाक मारणारं तेव्हाही कुणी उरलं नव्हतं. साठीच्या पुढचे, लांबुडके, बारा महिने एकच काळा कोट. कोटाच्या एका खिशात चणे, दुसऱ्यात फुटाणे, आणि ते दोन कधी एकत्र होऊ द्यायचे नाहीत. खिशातलं घड्याळ मात्र खिशात नसायचं; ते पेटीच्या आत ठेवलेलं असायचं. का, विचारलं तर म्हणायचे, "तिला वेळ कळायला नको का?"

एकदा भात्यावर हात गेला की मास्तर तोंडाने बोलत नसत. दूधवाल्याने खालून विचारलं, "मास्तर, अर्धा की पाव?" तर वरून दोन सूर यायचे. खाली आले तर पाव, वर गेले तर अर्धा. दूधवाला बरोबर माप घालायचा. नवीन दूधवाला आला तेव्हा जुन्याने त्याला गिऱ्हाइकं दाखवली, घरं दाखवली, आणि हे सूर शिकवले.

खोलीत जायला लाकडी जिना होता, अकरा पायऱ्यांचा. प्रत्येक शिष्य जिना चढताना मास्तर त्याची चाल वाजवायचे. वाण्याचा मुलगा धावत यायचा, त्याची चाल तबकडी जोरात फिरवल्यासारखी. माझी चाल म्हणजे टण टण टण, मग एक थांबा, मग परत टण टण. तो थांबा म्हणजे पाचव्या पायरीवर मी दोन्ही वेण्या खांद्यावरून पुढे घ्यायचे, तो. मास्तर तो थांबासुद्धा वाजवायचे. म्हणजे बोटं उचलून धरायचे. मला वाटायचं, माझ्या वेण्या इतक्या सुंदर आहेत की मास्तरांना खोलीतून जाणवतात.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. अकलेने नऊ. रिबिनी लाल, गळा बरा, आणि मी एक दिवस मोठी गायिका होणार हे माझ्याशिवाय सगळ्यांपासून लपून राहिलेलं. मला शाळेच्या गॅदरिंगसाठी एक सिनेमाचं गाणं बसवायचं होतं, एवढंच. त्यासाठी वडिलांनी मला मास्तरांकडे घातलं. दोन वर्षांत मास्तरांनी मला एक गाणं शिकवलं नाही.

ते मला खिडकीत बसवायचे. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे एसटी स्टँडचं कुंपण. स्वतः पेटी मांडीशी घेऊन बसायचे, तोंड खिडकीकडे, मान थोडी वर. "सांग," म्हणायचे, "काय चाललंय?"

"काही नाही, मास्तर."

"काही नाही असं कधी चालत नसतं. सांग."

मग मी सांगायचे. एक बाई पोराला ओढत नेतेय. पोर बसकण मारतंय. बाई थांबली. बाईनं इकडेतिकडे बघितलं. आणि मास्तर वाजवायचे. सूर पाय ओढायचे, बसकण मारायचे, इकडेतिकडे बघायचे. तो रस्ता मी रोज तुडवायचे, पण मास्तर वाजवायला लागले की तो जरा जमिनीपासून वर उचलला जायचा. उन्हातली धूळ हळू हळू खाली बसायची. एसटीत चढणाऱ्या माणसाचा हात दांडीवर जाता जाता युगं लागायची. मीसुद्धा मग हळू सांगायला लागायचे, झोपेत बोलल्यासारखी.

खाली, बरोबर खिडकीखाली, मोरा बंदराची एक कोळीण पाटी घेऊन बसायची. तिला सगळं माहीत होतं. वर बघून ओरडायची, "मास्तर, आज मना रडकी वाजवू नका हां! गिऱ्हाईक पलून जातंय!" मास्तर लगेच तिची चाल वाजवायचे, घासाघीस, फणकारा, आणि शेवटी एक बोंबील वर टाकल्याचा सूर. मास्तर पक्के शाकाहारी, पण तो बोंबील ते असा टाकायचे की समोरच्या बाईने पिशवी पुढे करावी.

"पेटी ऐकवायची नसते," ते म्हणायचे, "दाखवायची असते."

मला वाटायचं, म्हातारा चळलाय.

एका मंगळवारी दुपारी रस्ता अगदी ओस होता. कोळीण गेलेली, एसटी गेलेली, कुत्रं झोपलेलं. मास्तरांनी विचारलं, "सांग." माझं गॅदरिंग आठ दिवसांवर, गाणं नाही, आणि मी झोपलेलं कुत्रं किती वेळ सांगणार? मी म्हटलं, "मास्तर, हत्ती आला."

मास्तरांची बोटं थबकली. "केवढा?"

"मोठा. काळा. त्याच्यावर माहूत बसलाय, पण झोपलाय."

"हूं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी हत्ती वाजवला. डाव्या हाताने, अगदी खालच्या सप्तकात, भात्यातली हवा अर्धी धरून. एक पाऊल. मग दुसरं पाऊल ठेवू की नको असा विचार. मग दुसरं. वर उजव्या हाताच्या एका बोटाने माहूत घोरत होता. मी वेणीचं टोक तोंडात कोंबून हसत होते. डोळ्यांतून पाणी आलं.

"गेला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"गेला. तळ्याकडे."

मग ती पावलं लांब लांब जात तळ्याच्या पाण्यात उतरली. मास्तरांनी पेटी मिटली, घड्याळ आत आहे का ते चाचपलं, आणि मला एक फुटाणा दिला. फुटाणा म्हणजे शाबासकी. चणा म्हणजे उद्या परत ये. मी जिना उतरले ती थेट घरी, आणि आईला सांगितलं, "मास्तरांना काही म्हणजे काही कळत नाही." ही गोष्ट मी पुढे आठ दिवस मैत्रिणींना सांगत होते. गॅदरिंगमध्ये गायले नाही. घसा बसला, इतकी सांगत होते.

मास्तर तरुणपणी तंबूत वाजवायचे. सिनेमे मुके होते तेव्हाची गोष्ट. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची आणि मास्तर खाली बसून त्यांची सगळी रडं, भांडणं, पाऊस, घोडे वाजवायचे. मशीन तेव्हा हाताने फिरवावं लागे. मास्तरांचा एक दोस्त हँडल फिरवायचा, आणि दोघांचं असं गुळपीठ की मास्तरांनी लय ओढली की तो हँडल हळू करायचा. पडद्यावरची बाई सावकाश रडायची. मास्तरांनी घाई केली की नायक धावत सुटायचा. "लोकांना वाटायचं, आम्ही सिनेमाच्या मागे चाललोय," मास्तर सांगायचे. "सिनेमा आमच्या मागे चालायचा."

मग बोलपट आले. "पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि आमची दातखीळ बसली," एवढंच म्हणायचे. त्यानंतर मास्तरांनी एकही सिनेमा बघितला नाही. तंबू मोडला तेव्हा मालकाने त्यांना पगाराऐवजी पत्र्याचे दोन डबे दिले. एका सिनेमाची शेवटची दोन रिळं. आधीची कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. ते डबे पेटीशेजारी पाटावर असायचे, देवासारखे. दिवाळीत त्यांनाही उटणं लागायचं.

त्या सिनेमाची गोष्ट मास्तरांनी मला इतक्यांदा सांगितली की मी ती झोपेत सांगितली असती. नवरा गलबतावर जातो. बायको खाडीच्या काठी रोज दिवा लावते. सावकार येतो, ती त्याला हाकलते. वादळ येतं, दिवा विझतो, ती पदर आडवा धरून परत लावते. आणि शेवटी गलबत परत येतं, रिकामं. ती दिवा फुंकते. संपलं.

"एवढंच?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले. "रिकामं का?"

"तसं काढलंय," मास्तर म्हणाले. "वाजवणाऱ्यानं पडद्याशी वाद घालायचा नसतो."

त्यांची एकच इच्छा होती. ती दोन रिळं एकदा तरी परत पडद्यावर लागावीत आणि आपण समोर बसून वाजवावं. त्या वर्षी जत्रेला जो तंबूवाला आला, तो त्यांच्या त्या हँडलवाल्या दोस्ताचा मुलगा निघाला. तो कबूल झाला, पण कुरकुरत. जुनी फीत भुर्रकन पेटते, म्हणाला; तंबूत लावणार नाही, बाहेर मैदानात पडदा बांधा, मशीनशेजारी वाळूच्या बादल्या ठेवा, आणि एकदाच. परत विचारायचं नाही.

मास्तर आठ दिवस जमिनीवर नव्हते. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला आणि ढोलवाला आणला. भजनी मंडळाचा तबलजी आणला. निवृत्त पोस्टमास्तर व्हायोलिन वाजवायचे, त्यांना आणलं. पनवेलचा वाद्यवृंद तयार झाला. मास्तरांनी सगळ्यांना तोंडाने सिनेमा गाऊन दाखवला. क्लॅरिनेटवाला प्रत्येक प्रसंगात वरात घुसवायचा, तेवढी एक अडचण होती.

आदल्या संध्याकाळी मी छापलेलं हँडबिल घेऊन वर गेले. गुलाबी कागद, एका बाजूला मजकूर. मास्तरांनी हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "छान छापलंय," म्हणाले.

कोरी बाजू त्यांच्याकडे होती.

मी हसले. "मास्तर, उलटं धरलंत!"

ते हसले नाहीत. कागद त्यांनी हळूच मांडीवर ठेवला आणि त्यावरून बोटं फिरवली, पेटी पुसतात तशी.

"उजेड दिसतो," ते म्हणाले. "माणसं दिसत नाहीत. दोन वर्षं होतील. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायला गेलो, तो डोळाच गेला. दुसरा आता कुणाच्या हाती देत नाही."

मी त्यांच्या मांडीवरचा कागद सुलटा केला.

"खाली सांगू नकोस. आंधळ्याकडे कोण पोरं पाठवेल? आणि तंबूवाला म्हणेल, याला दिसत नाही तर फुकट रीळ कशाला लावू. उद्या तू माझ्या शेजारी बस. पडद्यावर काय चाललंय ते सांग. मी वाजवतो. तयारी आहेच तुझी."

दोन वर्षं खिडकीत बसवून म्हातारा काय करत होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्याचे डोळे होते. आणि त्याच क्षणी माझ्या पोटात तो हत्ती उभा राहिला, माहूतासकट. मला सांगायला हवं होतं. "मास्तर, मी खोटं बोलले होते," एवढी पाच शब्दांची गोष्ट. पण मी सोळा वर्षांची होते, आणि खोटं बोलायला जेवढं धैर्य लागतं त्याच्या दसपट ते कबूल करायला लागतं. मी म्हटलं, "बरं, मास्तर." त्यांनी मला चणा दिला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मैदान भरलं. शाळेतली पोरं, पेठेतले व्यापारी, आसपासच्या गावांतून जत्रेला आलेली माणसं, घोंगड्या पसरून. पडद्यावर पाणी मारलं होतं. ओल्या पडद्यावर चित्र खुलतं म्हणे. खाडीकडचं वारं यायचं आणि तो ओला पडदा गलबताच्या शिडासारखा पोट फुगवायचा. मास्तर काळ्या कोटात, पेटीवर हात, मान वर. मी शेजारी, लाल रिबिनी. तशातही मी क्लॅरिनेटवाला माझ्याकडे बघतोय का ते दोनदा पाहून घेतलं. तो ढोलाकडे बघत होता.

मशीन सुरू झालं आणि पहिला घोटाळा झाला. नवं मशीन मोटारवर चालायचं. जुना सिनेमा त्यावर दुडुदुडु धावायला लागला. ती दुःखी बाई खाडीच्या काठी अशी आली, जशी एसटी चुकतेय. दिवा फटकन लावला, फटकन नमस्कार केला. लोक हसले.

"का हसतायत?" मास्तर कुजबुजले.

त्या रात्रीचं पहिलं खोटं तिथे सुचलं. "सावकार आलाय, मास्तर. त्याचं पोट बघून हसतायत."

मास्तरांनी पोट वाजवलं, आणि हसणाऱ्यांना वाटलं, हे हसण्यासाठीच आहे. मग मी सिनेमापेक्षा हळू सांगायला लागले. बाई दिव्यापाशी कधीच पोचलेली असायची, आणि मी अजून तिला पायऱ्या उतरवत असायचे. मास्तर माझ्यामागे, बाकीचे चौघे मास्तरांमागे. आणि काय सांगू, हळू हळू लोकही आमच्याच चालीने बघायला लागले. पडद्यावर ती धावत होती, पण मैदानात ती सावकाश चालत होती. मैदान गप्प झालं. व्हायोलिन असं वाजत होतं की पोस्टमास्तरांनी कुणाचं तरी जुनं पत्र उघडलंय.

दुसरं रीळ लागलं. वादळ सुरू झालं. ढोलवाल्याला अखेर काम मिळालं. बाईने पदर आडवा धरला, आणि तिच्या पदरावर एक तपकिरी डाग पडला. तो पसरला. निखाऱ्यावर पापड टाकावा तशी ती बाई मधूनच फुगली, करपली, आणि गेली. मागे तंबूवाला ओरडला. त्याने फीत ओढून काढली, डबा उचलून वाळूत कोंबला. रीळ खलास झालं. धावपळीत मशीनचा दिवा विझवायचं कुणाला सुचलं नाही. पडदा नुसता पांढराशुभ्र, वाऱ्यावर हलत.

एक-दोन शिट्ट्या आल्या. क्लॅरिनेट थांबलं, तबला थांबला. मास्तर मात्र वाजवत होते. वादळात दिवा धरून ठेवला होता त्यांनी एका सुरात.

"सांग," ते म्हणाले. "थांबलीस का? सांग."

मी पांढऱ्या पडद्याकडे बघितलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे. त्या तोंडावर सगळा उजेड पडला होता आणि ते तोंड अजून त्या काठावर होतं.

"दिवा तगलाय, मास्तर," मी म्हटलं.

हे मी कुजबुजले नाही. मोठ्यानेच म्हटलं, शिट्ट्यांवरून ऐकू जायला हवं ना. पुढच्या घोंगडीवरचे वळून बघायला लागले. मी सांगत सुटले. वादळ ओसरतंय. ती भिजलीय. केस मोकळे झालेत. ती बसलीय, पण मान वळवत नाही. लांब काहीतरी काळं दिसतंय. पोस्टमास्तरांनी व्हायोलिन परत खांद्याला लावलं. कुणीतरी म्हणालं, "गप रे, पोरगी सांगते ती ऐक." आणि ते सगळं मैदान एका पांढऱ्या कापडाकडे टक लावून बसलं. वारं त्यावर लाटा काढत होतं. मला खरंच खाडी दिसत होती.

"गलबत येतंय," मी म्हटलं. "जवळ येतंय."

पुढे काय आहे ते मला माहीत होतं. रिकामं. तिने दिवा फुंकायचा. संपलं.

तेवढ्यात अंधारातून आवाज आला. खिडकीखालच्या माझ्या कोळणीचा. मी तो ओळखला. तिचा नवरा होडीवर जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. सकाळी पाटीवर बसली तरी तिचं लक्ष नसायचं, हे आम्ही वाजवलेलं होतं.

"आला का नाय गो पोरी तो?"

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा हात पट्टीवर थांबलेला.

"आला," मी म्हटलं. "उतरतोय. दाढी वाढलीय त्याची. आधी त्यानं दिवा बघितला. मग तिला."

मास्तरांची बोटं हवेत राहिली. माझ्या पाचव्या पायरीवर राहायची, तशीच. मग खाली आली, आणि मास्तरांनी त्याला गलबतातून उतरवलं. चिखलात पाय ठेवला, काठावर आणला, तिच्यासमोर उभा केला. क्लॅरिनेटवाल्याने आठ दिवस कोंडलेली वरात अखेर सोडून दिली, आणि ती तिथे चपखल बसली. मैदान उठलं. टाळ्या, आरोळ्या, घोंगड्या हवेत. कोळीण म्हणाली, "आला गो बाय!" आणि पदराने नाक पुसलं.

मी घरी आले ती हवेत तरंगत. मास्तरांना फसवलं! पडदा पांढरा होता आणि त्यांना कळलंसुद्धा नाही! आता विचार करा. ज्या माणसाने तो सिनेमा शंभरदा वाजवला, त्याला मी त्याचा शेवट सांगत होते, तोही चुकीचा, आणि तो फसला म्हणून माझीच पाठ थोपटून घेत होते. अकलेने नऊ म्हटलं ना, ते जास्तच झालं.

कोळणीचा नवरा चार दिवसांनी खरंच आला. तिने मास्तरांना सगळ्यांत मोठं पापलेट आणून दिलं. मास्तरांनी ते खालच्या सायकलवाल्याकडे पोचवलं आणि रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या.

पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगा मी एकदाच पाहिला होता, म्हणजे त्याचे पाय पाहिले होते; मान वर करायची पद्धत नव्हती आणि मी नको तिथे पद्धती पाळायचे. मास्तरांना तोवर उजेडही दिसेनासा झाला होता. त्यांना हात धरून मांडवात आणलं. सनई असतानाही ते हट्टाने पेटी घेऊन बोहल्याशेजारी बसले.

नवऱ्याला आधी आणायचं की नवरीला, यावरून दोन्हीकडच्या मामांची जुंपली, आणि त्या गडबडीत मीच आधी पाटावर उभी राहिले. समोर अंतरपाट धरला. पांढराशुभ्र. मी त्याच्याकडे बघत राहिले. पलीकडे कोण येतंय, कसं येतंय, काही दिसेना. जन्माचा प्रश्न, आणि मी त्याचे फक्त अंगठे ओळखते!

बोहल्याची फळी करकरली. आणि पेटी सुरू झाली.

डावा हात, अगदी खालचं सप्तक, भात्यात हवा अर्धी धरलेली. एक पाऊल. मग दुसरं ठेवू की नको असा विचार. मग दुसरं.

मला क्षणभर कळेना, आणि मग कळलं. पाच वर्षं पोटात उभा असलेला हत्ती एकदम चालायला लागला. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी खांदे गदगदा हलवत उभी. लोकांना वाटलं, रडतेय. मामांनी पाठीवरून हात फिरवला. भटजींनी मंगलाष्टकं जरा घाईने घेतली. अंतरपाट निघाला तेव्हा पलीकडे आमचे हे उभे होते. घामाघूम, ऐसपैस, घाबरलेले. आणि मी हसत होते म्हणून तेही हसले. संसार तिथेच मांडला गेला.

पंगतीनंतर मी मास्तरांच्या पाया पडले. "मास्तर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हत्ती? एसटी स्टँडवर? मंगळवारी दुपारी?" मास्तर म्हणाले. "ना पोरांचा गलका, ना कुत्र्याचं भुंकणं. आजचा मात्र खरा होता. फळीच सांगत होती."

"मग तेव्हा वाजवलात का?"

"तू सांगत होतीस."

मी त्यांच्या पायाशी बसले. शालू चुरगळत होता. "आणि त्या दिवशीचा पडदा?"

मास्तरांनी तळवा स्वतःच्या गालावर ठेवला. "चित्र असलं की उजेड हलतो. इथं लागतो हलताना. तेव्हा नुसता थांबून होता, उन्हासारखा. जळलं तेव्हाच कळलं." मग म्हणाले, "दर खेळाला मी त्याला बुडवायचो. मला तेव्हा कधी सुचलं नाही गं, की नाही बुडवला तर चालेल. तू आणलास. बरं केलंस."

कोटाच्या खिशात हात घातला आणि मला फुटाणा दिला. मग जरा विचार करून दुसऱ्या खिशातला चणाही दिला. दोन एकत्र, पहिल्यांदाच.

त्या दोन दाण्यांचं मी काय केलं, हे नातीने मध्यंतरात विचारलं. खाल्ले, म्हटलं. भूक लागली होती, नवरीला कोण वाढतं आधी?

घंटा झाली. हे बटाटेवडे आणायला गेले होते, ते अजून रांगेतच. आम्ही दोघी आत आलो. दिवे गेले, व्हायोलिनं सुरू झाली, आणि मी या खेपेला तोंड मिटलं, शहाण्यासारखं. मग डोळेही मिटले. तीस माणसं काळोखात वाजवत होती, आणि पडद्याचा उजेड गालावर हलत होता. लागतो, खरंच.

बराच वेळ गेला. मग नात माझ्या कानाशी आली. तिचा श्वास गुदगुल्या करत होता.

"आजी," ती कुजबुजली, "बाई अजून फलाटावरच आहे. बर्फ पडायला लागलाय. तिनं मान वळवली."

"हूं," मी म्हटलं.

"आता ती हसतेय थोडीशी. मला वाटतं, गाडीतून कुणीतरी उतरणार आहे."

"सांग," मी म्हटलं.

मागे नाट्यगृहाच्या पायऱ्या करकरल्या. एक पाऊल. मग दुसरं ठेवू की नको असा विचार. मग दुसरं. नातीने माझा हात घट्ट धरला. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

"आजी, हत्ती आला."

"येऊ दे," मी डोळे न उघडता म्हटलं. "वडे गरम आहेत का विचार."